पंचवीस दिवसांत सॅन फ्रान्सिस्को : बटरफिल्ड टपालमार्गाची कहाणी

९ सप्टेंबर १८५० रोजी कॅलिफोर्निया हे अमेरिकेच्या संघराज्यातील एकतिसावे राज्य झाले. ही वार्ता सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरिकांना कळली ती १८ ऑक्टोबरला, म्हणजे तब्बल एकोणचाळीस दिवसांनी! आपण ज्या राष्ट्राचे नागरिक झालो आहोत त्या राष्ट्राची राजधानी इतकी दूर असावी, याची खंत तेथील जनतेला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिली.

१८४८ च्या जानेवारीत सटरच्या लाकूड-गिरणीजवळ सोने सापडले आणि पॅसिफिक किनाऱ्याकडे माणसांचा लोंढा वाहू लागला. माणसे आली, सोने निघाले, पेढ्या उघडल्या, गोदामे उभी राहिली. परंतु पूर्वेकडील राज्ये आणि कॅलिफोर्निया यांच्या मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर रुंदीचा माळ, वाळवंट आणि पर्वतांचा पट्टा पसरला होता. टपाल जात असे ते समुद्रमार्गे. न्यूयॉर्कहून आगबोटीने पनामा, तेथील चिंचोळी भूमी ओलांडून पुन्हा आगबोटीने सॅन फ्रान्सिस्को, असा हा द्राविडी प्राणायाम होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापारी जीवनाची नाडीच या आगबोटीशी बांधली गेली होती. बोट सुटण्याच्या आदल्या दिवसाला तेथे ‘स्टीमर डे’ म्हणत. पूर्वेकडे रकमा पाठवायच्या असल्यामुळे त्या दिवशी शहरभर वसुलीची धांदल उडे. हिशेब चुकते करण्याचा दिवस पंचांगाने नव्हे, तर बोटीच्या वेळापत्रकाने ठरत असे, हे बँकिंग क्षेत्रातील वाचकांना मोठे मौजेचे वाटेल.

जमिनीवरून थेट टपाल हवे, ही मागणी १८५६ साली कॅलिफोर्नियातील सुमारे ७५ हजार नागरिकांच्या सह्यांनिशी काँग्रेसपुढे गेली. ३ मार्च १८५७ रोजी कायदा झाला. मिसिसिपी नदीकाठापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत चार घोड्यांच्या, प्रवासी नेण्यास योग्य अशा गाड्यांतून टपाल न्यावे. ते पंचवीस दिवसांत पोचले पाहिजे. आणि आठवड्यातून दोन फेऱ्या झाल्यास वर्षाला सहा लाख डॉलर मिळतील, असे त्याचे स्वरूप होते. कराराची मुदत सहा वर्षे ठरली.

ज्या बोलीदाराच्या पदरात हे कंत्राट पडले त्याचे नाव जॉन बटरफिल्ड. न्यूयॉर्क राज्यात १८०१ साली जन्मलेल्या या गृहस्थाने स्टेजकोच हाकण्यापासून उमेदवारी केली होती. पुढे गाड्या, आगबोटी, तारायंत्र अशा अनेक उद्योगांत त्याने हात घातला. हेन्‍री वेल्स आणि विल्यम फार्गो यांच्यासह १८५० साली ‘अमेरिकन एक्स्प्रेस’ ही कंपनी स्थापन करणाऱ्यांत तो होता. पार्सले, रोकड व मौल्यवान ऐवज एका गावाहून दुसऱ्या गावी जबाबदारीने पोचविणे हा त्या काळच्या ‘एक्स्प्रेस’ कंपन्यांचा व्यवसाय होता. कंपनीने कॅलिफोर्नियात शिरावे असा वेल्स आणि फार्गो यांचा आग्रह होता. बटरफिल्ड आणि इतर काही संचालकांनी तो मानला नाही. तेव्हा त्या दोघांनी १८५२ साली ‘वेल्स, फार्गो अँड कंपनी’ ही स्वतंत्र संस्था काढली. कॅलिफोर्नियाला नकार देणाऱ्या त्याच बटरफिल्डने पाच वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या टपालासाठी आपले सर्वस्व पणाला लावावे, हा दैवदुर्विलास म्हणावा की धंद्याची रीत?

नालेच्या आकाराचा रस्ता

मार्ग कोणता घ्यावा यावरून मोठा वाद झाला. त्या वेळचे पोस्टमास्तर जनरल एरन ब्राऊन हे टेनेसी राज्याचे, म्हणजे दक्षिणेचे होते. त्यांनी सेंट लुईस आणि मेम्फिस या दोन ठिकाणांहून निघून अर्कान्सा राज्यात एकत्र येणारा, तेथून टेक्सास, एल पासो, टूसॉन, युमा, लॉस एंजेलिस असा खाली झुकून पुन्हा वर चढणारा मार्ग निश्चित केला. मेम्फिस हे टेनेसीतीलच शहर होते, हे सांगणे नको. नकाशावर हा मार्ग घोड्याच्या नालेसारखा दिसे. उत्तरेकडील वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. सरळ रेषेपेक्षा शेकडो मैलांचा फेरा पडतो, हा त्यांचा आक्षेप खराच होता. परंतु हिवाळ्यात रॉकी पर्वतातील खिंडी बर्फाने बुजतात आणि दक्षिणेची वाट बाराही महिने खुली राहते, हे ब्राऊन यांचे म्हणणेही खोटे नव्हते. राजकारण आणि हवामान या दोहोंनी मिळून तो रस्ता आखला, असे म्हणणे अधिक न्यायाचे ठरेल.

एकूण अंतर सुमारे २,८०० मैल, म्हणजे जवळजवळ ४,५०० किलोमीटर होते. १६ सप्टेंबर १८५७ रोजी करार झाला आणि सेवा सुरू करण्यास एक वर्षाचा अवधी मिळाला. या एका वर्षात जे उभे करावे लागले, त्याची नुसती कल्पना केली तरी छाती दडपते. मार्गाचे नऊ विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येकावर एक अधीक्षक नेमला गेला. नद्यांचे उतार खोदून सोपे केले, विहिरी खणल्या, जेथे विहिरीला पाणी लागेना तेथे ते गाड्यांतून वाहून नेण्याची व्यवस्था केली. प्रारंभी सुमारे १४० ठाणी उभारली गेली. पुढे त्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली. शेकडो माणसे, अडीचशेच्या आसपास गाड्या आणि अठराशेच्या जवळपास घोडे व खेचरे कामाला लागली. पहिले पत्र पोचण्याआधीच कंपनीचे सुमारे दहा लाख डॉलर खर्ची पडल्याचे सांगतात.

‘स्टेज’ म्हणजे टप्पा. स्टेजकोचचे सारे गमक या शब्दात आहे. गाडी तीच पुढे जाते असे नाही, घोडे तर बदलतातच, गाडीवानही बदलतो. अखंड पुढे सरकते ती केवळ टपालाची थैली. ठाणे जवळ आले की कंडक्टर शिंग फुंकी. ते ऐकून ठाण्यावरचा मनुष्य ताजे घोडे किंवा खेचरे साज चढवून तयार ठेवी. काही मिनिटांत जुनी जोडी सोडून नवी जुंपली जाई आणि गाडी पुन्हा मार्गस्थ होई. रात्र असो वा दिवस, सरासरी वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास पडे. वाचताना हा वेग क्षुल्लक वाटतो, पण तो न थांबता टिकवायचा होता.

गाड्याही दोन प्रकारच्या होत्या. बऱ्या रस्त्यांवर न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड गावी ॲबट-डाउनिंग कंपनीने बनविलेल्या डौलदार ‘काँकर्ड’ गाड्या धावत. त्यांचा सांगाडा लोखंडी कमानींवर न ठेवता जाड चामड्याच्या पट्ट्यांवर झुलता टांगलेला असे. त्यामुळे धक्के कमी बसत. मात्र गाडी होडीसारखी हेलकावे खाई आणि बऱ्याच प्रवाशांना जमिनीवर राहून सागरी प्रवासाची मळमळ अनुभवावी लागे. वाळवंटात आणि डोंगरांत मात्र ‘सेलेरिटी वॅगन’ नावाच्या हलक्या, ठेंगण्या, कापडी छताच्या गाड्या वापरीत. त्यांच्या बाकांच्या पाठी आडव्या केल्या की शय्या तयार होई. झोप येई की नाही, हा प्रश्न निराळा!

ड्रॅगून स्प्रिंग्जचे चार दिवस

सेवा सुरू होण्यास अवघा आठवडा उरला असता, आजच्या ॲरिझोनातील ड्रॅगून स्प्रिंग्ज या जागी ठाण्याच्या दगडी भिंती रचण्याचे काम चालू होते. ८ सप्टेंबर १८५८ च्या रात्री कामावरील तीन मजुरांनी झोपलेल्या सहकाऱ्यांवर कुऱ्हाडींनी हल्ला चढविला. कंपनीच्या चौघांपैकी तिघे या हल्ल्याला बळी पडले. सायलस सेंट जॉन नावाचा चौथा तरुण जागा झाला आणि झटापट करून त्याने हल्लेखोरांना पळवून लावले. परंतु त्याच्या हातावर आणि मांडीवर खोल घाव बसले होते. स्वतःच्या हातांनी जखमा आवळून बांधून तो त्या अर्धवट भिंतींच्या आत पडून राहिला. जवळ पाणी नव्हते. बाहेर तहानलेली खेचरे ओरडत होती, रात्री लांडगे येत होते आणि सोबतीला मेलेले व मरणाच्या दारी असलेले सहकारी होते. चार दिवसांनी वाटसरू पोचले तेव्हा तो जिवंत होता. पुढे सैन्याच्या शल्यचिकित्सकाने त्याचा हात कापून काढला आणि तो बरा झाला. त्या तिघांना तेथेच मूठमाती देण्यात आली. थोड्याच आठवड्यांत पहिली टपालगाडी त्याच भिंतींपाशी थांबून घोडे बदलून पुढे गेली.

पहिली फेरी

१६ सप्टेंबर १८५८ रोजी सकाळी सेंट लुईसहून टपालाच्या दोन थैल्या आगगाडीत चढविण्यात आल्या. लोहमार्ग त्या वेळी मिसुरी राज्यातील टिप्टनपर्यंतच, म्हणजे १६० मैल पोचला होता. तेथून पुढे गाडी. स्वतः जॉन बटरफिल्ड फोर्ट स्मिथपर्यंत तीत बसून गेला. अथपासून इतिपर्यंत प्रवास करणारा प्रवासी मात्र एकच होता. तो म्हणजे ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा तेवीस वर्षांचा वार्ताहर वॉटरमन ऑर्म्सबी. वाटेतून त्याने धाडलेली वार्तापत्रे हा या मार्गाचा सर्वांत जिवंत पुरावा आहे. ऑर्म्सबी तक्रारखोर नाही आणि भाटही नाही. त्याला भूक लागते, त्याला भीती वाटते आणि ते तो सरळ सांगतो.

फोर्ट स्मिथच्या पुढे चोक्टॉ आणि चिकासॉ या राष्ट्रांची भूमी लागे. आग्नेयेकडील आपल्या मूळ प्रदेशातून १८३० च्या दशकात या जमातींना बळाने तेथे हलविण्यात आले होते. त्यांच्या हद्दीतील ठाणी चालविणाऱ्यांत त्यांच्यातीलच प्रतिष्ठित मंडळी होती. रेड नदीवर बेंजामिन कोल्बर्ट या चिकासॉ गृहस्थाची नौका होती. गाडी पलीकडे नेणारे मजूर त्याचे गुलाम होते, हेही त्या काळाचे वास्तव.

टेक्सासात शिरल्यावर कसोटी सुरू झाली. काही ठाण्यांवर खेचरे इतकी रानटी होती की त्यांना दोर टाकून पकडावे लागे आणि साज चढविण्यातच बहुमोल वेळ जाई. काँचो नदी सोडल्यानंतर पेकोस नदीवरील हॉर्सहेड क्रॉसिंगपर्यंत सुमारे पंचाहत्तर मैल पाण्याचा थेंब नाही. तहानेने व्याकूळ होऊन येथवर आलेली जनावरे खाऱ्या पाण्यावर तुटून पडत आणि मरत. त्यांच्या कवट्यांवरूनच त्या उताराला ते नाव पडले. जेवण म्हणाल तर सुकविलेले मांस, घेवड्याच्या बिया, जाडाभरडा पाव आणि काळी कॉफी. त्यासाठीही ठाण्यागणिक वेगळे पैसे मोजावे लागत. सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे भाडे होते दोनशे डॉलर. सोबत चाळीस पौंड सामान नेण्याची मुभा होती आणि शस्त्र बाळगण्याचा सल्ला मिळे.

२८ सप्टेंबरच्या सायंकाळी ग्वाडालूप पर्वताच्या पश्चिमेला, मैलोन्‌मैल निर्मनुष्य अशा मुलखात समोरून धूळ उडताना दिसली. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली पूर्वगामी गाडी येत होती! वेळापत्रक कागदावर आखणाऱ्यांच्या जिवात जीव आला असेल तो त्या भेटीने. दोन्ही गाड्या क्षणभर थांबल्या, बातम्यांची देवाणघेवाण झाली आणि दोन दिशांना निघून गेल्या.

पुढे मेसिया, अपाची खिंड, टूसॉन. हिला नदीकाठी पिमा आणि मॅरिकोपा लोकांची गावे होती. पाटाच्या पाण्यावर गहू पिकविणारे हे कष्टाळू शेतकरी वाटसरूंना आणि ठाण्यांना धान्य पुरवीत. ते नसते तर त्या वाळवंटातील जनावरांच्या दाण्याची पंचाईतच झाली असती. युमापलीकडे वाळूचे डोंगर टाळण्यासाठी रस्ता काही अंतर चक्क मेक्सिकोच्या हद्दीतून जाई. एका देशाचे अंतर्गत टपाल दुसऱ्या देशाचा पाहुणचार घेत होते! अखेर १० ऑक्टोबर, रविवार, सकाळी साडेसातच्या सुमारास गाडी सॅन फ्रान्सिस्कोत पोचली. चोवीस दिवस पुरे व्हायला थोडाच अवकाश होता. कराराची मुदत होती पंचवीस दिवसांची. पूर्वगामी टपाल त्याआधी एक दिवस, ९ ऑक्टोबरला सेंट लुईसला दाखल झाले होते. राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनी बटरफिल्डला अभिनंदनाची तार पाठविली.

जमाखर्चाची बाजू

आता हिशेबाकडे वळू. गाडीतून टपाल जाई, प्रवासी जात; सोने मात्र जात नसे! रोकड, दागिने, बँकनोटा किंवा कोणताही मौल्यवान ऐवज कोणत्याही परिस्थितीत गाडीत घेऊ नये, अशी बटरफिल्डची कर्मचाऱ्यांना सक्त सूचना होती. ऐवज नाही तर दरोडेखोरही नाहीत, हा त्यामागचा साधा विचार होता. चित्रपटांत स्टेजकोच दिसली की तिजोरी आणि बुरखेधारी लुटारू हमखास येतात. पण या मार्गाला ते चित्र लागू पडत नाही. जोखीम कमी करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे काही जोखमी मुळात पत्करायच्याच नाहीत, हे तत्त्व त्याला उमगले होते. तथापि, त्यामुळे किफायतीचा धंदाही हातचा गेला.

न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्राला दहा सेंट हशील पडे. या दराने सहा लाख डॉलरची भरपाई व्हायची तर वर्षाला साठ लाख पत्रे हवीत. प्रत्यक्षात पहिल्या वर्षीचे टपाल-उत्पन्न तीस हजार डॉलरच्याही आत राहिले. शासनाने ही तूट राष्ट्र जोडण्याची किंमत म्हणून पत्करली होती. पण ती सर्वांना पटली नव्हती. १८५९ च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोन आघात झाले. काँग्रेस टपाल खात्याचा खर्च मंजूर न करताच उठली आणि या मार्गाचे पाठीराखे एरन ब्राऊन यांचे निधन झाले. कंत्राटदारांची देयके महिनोन्‌महिने थकली. त्यांच्या जागी आलेले जोसेफ होल्ट हे काटकसरीचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि त्यांनी देशातील अनेक मार्गांवरच्या फेऱ्यांना कात्री लावली.

बँकेच्या कर्जविभागात काम केलेल्या कोणालाही पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. येणे शासनाकडे अडकलेले, घोड्यांचा दाणा आणि माणसांचे पगार मात्र रोजचे. वाहतूक वाढत होती, सेवा वक्तशीर होती. १८६० साली तर समुद्रमार्गापेक्षा अधिक पत्रे या मार्गाने जाऊ लागली. पण खेळते भांडवल आटले. कंपनीने ‘वेल्स फार्गो’कडून मोठ्या रकमा उचलल्या होत्या आणि कर्ज फिटण्याची चिन्हे दिसेनात. १८६० च्या मार्चमध्ये धनकोंचा दबाव टोकाला गेला. संचालकांनी जॉन बटरफिल्डला अध्यक्षपदावरून दूर केले आणि विल्यम डिन्स्मोर यांच्याकडे सूत्रे दिली. ज्याच्या नावाने तो मार्ग ओळखला जात होता, त्यालाच तो सोडावा लागला. ‘वेल्स फार्गो’ने हा मार्ग सुरुवातीपासून चालविला असा समज रूढ आहे, वस्तुतः तिचा प्रवेश झाला तो प्रामुख्याने धनको म्हणून.

मार्गाचा अस्त

३ एप्रिल १८६० रोजी उत्तरेच्या सरळ वाटेने ‘पोनी एक्स्प्रेस’ सुरू झाली. हलक्या वजनाचे स्वार सुमारे दहा दिवसांत पत्रे पोचवू लागले. ती सेवा महागडी होती आणि दीड वर्षच टिकली, पण मधल्या मार्गाने हिवाळ्यातही जाता येते हे तिने दाखवून दिले. दक्षिण मार्गाचा मुख्य युक्तिवाद तेथेच लंगडा पडला.

१८६१ च्या प्रारंभी अपाची खिंडीत अनर्थ घडला. एका लहान मुलाच्या अपहरणाचा आळ घेऊन लेफ्टनंट जॉर्ज बॅस्कम याने अपाचींचा प्रमुख कोचीस याला बोलणीसाठी बोलावले आणि पकडण्याचा प्रयत्न केला. कोचीस तंबू फाडून निसटला. त्याचे नातलग मात्र अडकले. त्याने उलट ओलीस धरले. त्यांत ठाण्यावरील जेम्स वॉलेस हा कंपनीचा माणूस होता, ज्याचे अपाचींशी चांगले संबंध होते. ओलिसांची अदलाबदल झाली नाही. दोन्हीकडचे ओलीस मारले गेले. तोपर्यंत कोचीसच्या मुलखातून आठवड्याला चार गाड्या बहुतांशी सुखरूप जात होत्या. त्यानंतर तेथे सुमारे अकरा वर्षे युद्ध पेटलेले राहिले. मार्ग ज्यांच्या भूमीवरून काढला त्यांची संमती कोणी कधी विचारली नव्हती. ती काही काळ न मागता लाभली होती, हेच आश्चर्य.

१ फेब्रुवारी १८६१ रोजी टेक्सास राज्याने संघराज्यातून फुटण्याचा ठराव केला. मार्गाचा मोठा हिस्सा एका रात्रीत परक्यांच्या हाती गेल्यासारखे झाले. २ मार्च रोजी काँग्रेसने टपाल मध्यवर्ती मार्गावर हलविण्याचा कायदा केला आणि दक्षिणेची वाट बंद झाली. १ जुलै १८६१ पासून मिसुरीतील सेंट जोसेफहून रोजची गाडी सुटू लागली. याच मार्गाने त्या उन्हाळ्यात प्रवास करणारा एक तरुण पुढे मार्क ट्वेन या नावाने जगप्रसिद्ध झाला. ‘रफिंग इट’ या १८७२ च्या पुस्तकात त्याने तो प्रवास रंगविला आहे. ऑक्टोबर १८६१ मध्ये तारायंत्राच्या तारा जोडल्या गेल्या आणि निरोपाला दिवस नव्हे, क्षण पुरू लागले. १० मे १८६९ रोजी युटामध्ये लोहमार्ग जोडला गेल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे प्रयोजनच उरले नाही. पदच्युत झाल्यावर युटिका शहराचे महापौरपद भूषविलेले जॉन बटरफिल्ड त्याच वर्षी निवर्तले. ‘वेल्स फार्गो’ने मात्र १८६६ साली मध्यवर्ती मार्गावरील गाड्यांचा कारभार आपल्याकडे घेतला होता. कालांतराने ती मोठी बँक झाली आणि घोड्यांची लाल गाडी हे तिचे जगभर ओळखले जाणारे चिन्ह बनले.

५ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या शासनाने सुमारे ३,२९२ मैलांच्या या मार्गाला, त्याच्या सर्व फाट्यांसह, राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. टेक्सासमधील ग्वाडालूप पर्वतांच्या राष्ट्रीय उद्यानात ‘पायनरी’ या ठाण्याच्या चुनखडी दगडांच्या पडक्या भिंती अद्याप उभ्या आहेत. ऑर्म्सबीने जेथे जेवण घेतले ते हेच ठाणे. ड्रॅगून स्प्रिंग्ज येथील भिंतीही टिकून आहेत. महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याने थोडे आत गेले की त्या दिसतात.